परवानगीची यादी : नांतच्या फर्मानाचे प्रकरण, १५९८ ते १६८५

१६६२ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्सच्या राजदरबारातून जेक्स या मुलखासाठी एक हुकूम निघाला. जिनिव्हा शहराला खेटून असलेल्या या डोंगराळ पट्ट्यात प्रोटेस्टंटांची २३ प्रार्थनागृहे होती. त्यांपैकी २१ हटवावीत, असे हुकुमात म्हटले होते. दंगा किंवा राजद्रोह असे कोणतेही कारण त्यात पुढे केलेले नव्हते. ज्या नांतच्या फर्मानाने फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली होती, ते फर्मान तेव्हा अमलात होते आणि हुकुमाचा सगळा युक्तिवाद त्या फर्मानाचे बोट धरूनच चालला होता. फर्मान १५९८ चे आणि जेक्स फ्रान्सला मिळाले १६०१ च्या तहाने. तेव्हा जो मुलूख फर्मान निघाले त्या वेळी राज्यातच नव्हता, त्याला त्या फर्मानाचे संरक्षण कसे मिळणार? उरलेली दोन प्रार्थनागृहे राजाच्या मर्जीने राहिली.

एखाद्या कसलेल्या कारकुनाने फायलीवर मारलेल्या शेऱ्यासारखा हा युक्तिवाद आहे, आणि सहिष्णुता व सत्ता यांचा संबंध तपासताना तोच मला सर्वांत बोलका वाटतो. नांतच्या फर्मानाची गोष्ट बहुधा दोन टोकांतच सांगितली जाते. एका टोकाला १५९८ मध्ये ते काढणारा उदार चौथा हेन्री असतो आणि दुसऱ्या टोकाला १६८५ मध्ये ते रद्द करणारा हेकट चौदावा लुई. मधली ८७ वर्षे पाठ्यपुस्तकात एखाद्या वाक्यात आटोपतात. वास्तविक शेवटच्या पंचवीस वर्षांत ते फर्मान मोडून नव्हे, तर अक्षर न् अक्षर पाळून प्रोटेस्टंटांचा श्वास कोंडण्यात आला. सत्ता जेव्हा सहिष्णुतेची यादी करून देते, तेव्हा त्या यादीचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, या प्रश्नापुढे यादी देणाऱ्याची दानत दुय्यम ठरते, हे या प्रकरणात जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

आधी शब्दाविषयी थोडेसे. ‘सहिष्णुता’ या शब्दात ‘सह्’ हा धातू आहे आणि सहन करायची वेळ येते ती नकोशा गोष्टीबाबत. लॅटिनमधील ‘तोलेरारे’चा अर्थही सोसणे असाच आहे. पण सोसण्याला राजकीय अर्थ येतो तो ती नकोशी गोष्ट बंद पाडण्याची ताकद सोसणाऱ्याच्या हातात असते तेव्हा. समोरच्या इमारतीवरचा भोंगा ज्याला बंद करता येत नाही, त्याने तो निमूट ऐकून घेणे ही सहिष्णुता नव्हे. तो नाइलाज आहे. म्हणून राजकीय सहिष्णुतेच्या प्रत्येक प्रसंगी विचारावे लागते की बंद पाडण्याची ताकद कोणाची, ती आज का वापरली जात नाही, आणि उद्या ती वापरायची झाली तर आडवे काय येणार आहे.

तहातून निघालेले फर्मान

फ्रान्समधील धर्मयुद्धांची सुरुवात १५६२ ची. छत्तीस वर्षांत आठ युद्धे झाली. १५७२ च्या ऑगस्टमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसमध्ये सुरू झालेल्या कत्तलीत आणि ती इतर शहरांत पसरल्यावर हजारो प्रोटेस्टंट, म्हणजे ज्यांना ह्यूगनो म्हणत ते लोक, मारले गेले. नावारचा हेन्री हा त्यांचा पुढारी. तिसऱ्या हेन्रीचा १५८९ मध्ये खून झाल्यावर गादीचा हक्क त्याच्याकडे आला. परंतु कॅथलिक राज्याने प्रोटेस्टंट राजा स्वीकारला नाही. अखेर १५९३ मध्ये तो कॅथलिक झाला, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये शिरला आणि १५९८ च्या एप्रिलमध्ये नांत येथे त्याने आपल्या जुन्या सहकाऱ्यांसाठी हे फर्मान काढले.

या दस्तऐवजाला ‘फर्मान’ म्हणायचे ते केवळ रूपावरून. आतून तो दोन सशस्त्र पक्षांमधला तह आहे. त्यात ९२ सर्वसाधारण कलमे आहेत, ५६ गुप्त कलमे आहेत आणि शिवाय राजाने स्वतंत्रपणे दिलेली दोन वचनपत्रे आहेत. पहिल्या वचनपत्राने प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांच्या वेतनासाठी वर्षाला ४५,००० एक्यू देण्याचे कबूल केले. दुसऱ्याने सुमारे दीडशे ठिकाणे आठ वर्षांसाठी त्यांच्या हाती ठेवली. त्यांतल्या तटबंदीच्या शहरांतील शिबंदीचा खर्च राजाच्या तिजोरीतून व्हायचा. आपल्याच प्रजेतील एका गटाने आपल्याविरुद्ध बाळगलेल्या फौजेचा पगार राजाने द्यावा, ही व्यवस्था वाचताना आजही चमत्कारिक वाटते. पण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून कमी असलेल्या समाजाने फर्मानावर विश्वास ठेवला तो त्यातील शब्दांमुळे नव्हे, या किल्ल्यांमुळे.

आता कलमांकडे पाहू. सहाव्या कलमाने प्रोटेस्टंटांना राज्यात कोठेही, चौकशी व छळ न होता, राहण्याची परवानगी दिली. उपासनेची गोष्ट मात्र वेगळी होती. नवव्या कलमानुसार १५९६ मध्ये आणि १५९७ च्या ऑगस्टअखेरपर्यंत जेथे जेथे त्यांची उपासना प्रत्यक्ष आणि उघडपणे होत होती तेथे ती चालू राहावयाची होती. काही सरदारांच्या वाड्यांत आणि ठरवून दिलेल्या आणखी काही जागीही ती चालणार होती; इतरत्र मनाई. पॅरिसपासून पाच लीग, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर अंतरात ती होणार नव्हती. कॅथलिक सणांच्या दिवशी प्रोटेस्टंटांनी दुकाने बंद ठेवायची आणि कॅथलिक पाद्र्यांना धर्मकर भरायचा. त्यांची धर्मविषयक पुस्तके छापायची व विकायची ती जेथे उपासनेला मुभा आहे त्याच शहरांत. सरकारी पदे, शाळा आणि इस्पितळे मात्र त्यांना खुली राहतील, असे स्पष्ट लिहिले होते आणि काही न्यायालयांत दोन्ही पंथांचे न्यायाधीश बसतील अशी सोय होती. संपूर्ण दस्तऐवजात या पंथाला ‘तथाकथित सुधारित धर्म’ म्हटले आहे. सरकारदरबारी अर्ज करताना प्रोटेस्टंटांनाही स्वतःच्या धर्माचा उल्लेख याच शब्दांत करावा लागे. मुभा दिली तीही ‘तथाकथित’ या शब्दाचा शिक्का मारून.

फर्मान काढणे सोपे गेले, ते नोंदवून घेणे कठीण गेले. पॅरिसची ‘पार्लमाँ’ ही आजच्या अर्थाची संसद नव्हती. ती राज्याची श्रेष्ठ न्यायसभा होती आणि तिने नोंद केल्याशिवाय राजाज्ञा अमलात येत नसे. तिने जवळजवळ वर्षभर टाळाटाळ केली. १५९९ च्या फेब्रुवारीत हेन्रीने न्यायाधीशांना राजवाड्यात बोलावले आणि आपण राजवस्त्रे न घालता घरच्या कपड्यांत, कुटुंबप्रमुख मुलांशी बोलतो तसे बोलायला आलो आहोत, अशी सुरुवात केली. सूर लवकरच बदलला. आता आपण राजा आहोत, राजा म्हणून बोलत आहोत आणि आपली आज्ञा पाळली गेली पाहिजे, असे त्याने बजावले. त्या महिन्याच्या २५ तारखेला नोंद झाली. रूआँच्या न्यायसभेत ती पूर्णपणे व्हायला १६०९ उजाडले.

सत्ता सहिष्णुतेच्या विरुद्ध उभी असते, असा एक सोपा समज असतो. हा प्रसंग त्याला छेद देतो. अल्पसंख्याकांना राहू द्यायचे तर बहुसंख्याकांच्या संस्थांना वाकवावे लागते आणि त्यासाठी सत्ता लागते. १५९९ मध्ये ती राजाकडे होती. जी सत्ता न्यायसभेला वाकवू शकते तिला पुढे कोण वाकवणार, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. विचारण्याची फुरसतही नव्हती.

राजाच्या भरवशावर

पॅरिसमधील प्रोटेस्टंटांना फर्मानानुसार उपासनेसाठी दूर जावे लागे. आधी ग्रिन्यी, मग आब्लों. लहान मुले, म्हातारे आणि बाप्तिस्म्यासाठी न्यायची तान्ही बाळे घेऊन थंडीत हा प्रवास करणे म्हणजे शिक्षाच होती. त्यांनी राजाकडे गाऱ्हाणे घातले आणि १६०६ मध्ये हेन्रीने शाराँतों येथे जागा दिली. सीन व मार्न नद्यांच्या संगमाजवळचे हे ठिकाण पॅरिसपासून दोन लीगांवर, म्हणजे फर्मानाने घातलेल्या हद्दीच्या आत होते. रविवारी माणसे नावांतून स्तोत्रे म्हणत तेथे जात. १६२१ मध्ये जमावाने तेथील प्रार्थनागृह जाळले. दोन वर्षांत सालोमों द ब्रोस या वास्तुकाराने तेथे हजारो माणसे मावतील एवढे नवे बांधले.

शाराँतोंची ही सवलत फर्मानाविरुद्ध होती आणि प्रोटेस्टंटांच्या फायद्याची होती, म्हणून तिच्याविषयी तक्रार करण्याचे त्यांना कारण नव्हते. पण कायद्याची हद्द राजाच्या मायेने ओलांडता येते हे एकदा मान्य केले, की राजाच्या रागाने ती आत सरकवता येते हेही मान्य केल्यासारखे होते. मर्जीने मिळालेली तीन लीगांची सूट आणि मर्जीने गेलेली एकवीस प्रार्थनागृहे यांच्यामागचे तत्त्व एकच आहे.

१६१० मध्ये हेन्रीचा खून झाला. तेराव्या लुईच्या काळात ह्यूगनोंनी पुन्हा शस्त्रे उचलली आणि राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने त्यांच्या ला रोशेल या शहराला वेढा घातला. वर्षभराहून अधिक काळ उपासमार सोसून ते शहर ऑक्टोबर १६२८ मध्ये शरण आले. पुढच्या जूनमध्ये आलेस येथे नवी व्यवस्था ठरली. रिशल्यूने धार्मिक मुभेला हात लावला नाही. उपासना, पदे आणि न्यायालये तशीच राहिली. गेले ते किल्ले आणि शिबंदी. या दस्तऐवजाला नाव मिळाले ‘कृपेचे फर्मान’. ते नाव अचूक होते. १५९८ मध्ये जे तहाने मिळाले होते, तेच, बहुतेक त्याच शब्दांत, १६२९ पासून कृपेने मिळू लागले. जर्मन तत्त्वज्ञ राइनर फोर्स्ट याने ‘परवानगीची सहिष्णुता’ हा प्रकार समजावताना नांतचेच उदाहरण घेतले आहे : सत्ताधारी बहुमत अल्पसंख्याकांना आपल्या अटींवर जगू देते आणि अल्पसंख्याक त्या अटी स्वीकारतात. वर्णन योग्य आहे, पण माझ्या मते ते १६२९ नंतरच्या नांतला लागू पडते. पहिली तीस वर्षे ही परवानगी मागे घेण्याची किंमत होती. नंतर ती उरली नाही. कागद तोच राहिला आणि त्याच्याखालची जमीन बदलली.

किल्ले गेल्यावर ह्यूगनोंनी जो मार्ग धरला तो समजण्यासारखा आहे. भोवतालचे पाद्री, न्यायसभा आणि शहरातील जमाव विरोधात. तेव्हा राजा हाच एकमेव रक्षणकर्ता. त्यांच्या विद्वानांनी राजसत्तेच्या दैवी अधिकाराचे समर्थन केले. इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला त्याच वर्षी, १६४९ मध्ये, त्या राजाच्या बाजूने गाजलेला लॅटिन ग्रंथ लिहिणारा सोमेझ हा फ्रेंच प्रोटेस्टंट होता. फ्राँदच्या बंडाळीत कॅथलिक सरदार आणि खुद्द पॅरिसची न्यायसभा राजाविरुद्ध उठली असताना ह्यूगनो राजनिष्ठ राहिले. १६५२ मध्ये बाल राजा चौदाव्या लुईच्या नावाने त्या निष्ठेची प्रशंसा करणारी आणि नांतचे फर्मान कायम करणारी घोषणा झाली. १६५६ मध्ये, संकट टळल्यावर, ती मागे घेण्यात आली. जी सत्ता कोणालाही जुमानणार नाही अशी बळकट व्हावी यासाठी त्यांनी आपली लेखणी आणि निष्ठा पणाला लावली, ती खरोखरच तशी झाली.

मौनाचा अर्थ

१६६१ पासून लुईने राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला आणि त्याच वर्षी प्रांतोप्रांती आयोग बसवले. प्रत्येक आयोगात एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट आयुक्त. वरकरणी निःपक्षपाती वाटावी अशीच ही रचना होती. काम एकच : प्रत्येक प्रार्थनागृहाचा हक्क तपासायचा. गावच्या प्रोटेस्टंट मंडळींनी १५९६–९७ मध्ये येथे उपासना होत होती याचा पुरावा आणायचा. पासष्ट वर्षांपूर्वीचे, मध्ये वेढे आणि जाळपोळ होऊन गेलेल्या गावांतले बाप्तिस्म्याचे जुने रजिस्टर, धर्मसभेच्या बैठकीचे इतिवृत्त, एखादी पावती. ज्यांच्याकडे सापडले त्यांना त्या कागदाच्या अस्सलपणाविषयी प्रश्न विचारले जात. दोन आयुक्तांचे मतभेद झाले की फाइल राजाच्या मंडळाकडे जाई आणि तेथे निकाल बहुतेकदा कॅथलिक आयुक्ताच्या बाजूने लागे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सात-बारा शोधताना ज्यांनी तलाठ्याच्या दारात खेटे घातले आहेत, त्यांना या प्रक्रियेचे स्वरूप वेगळे सांगायला नको.

या कामाला वैचारिक बैठक देणारी माणसेही पुढे आली. बेझिए येथील न्यायाधिकारी पिएर बेर्नार याने १६६६ मध्ये फर्मानाचा काटेकोर अर्थ लावणारे पुस्तक लिहिले. त्यामागचे सूत्र साधे होते : फर्मान हा सामान्य नियमाला केलेला अपवाद आहे आणि अपवादाचा अर्थ नेहमी आखडूनच लावायचा असतो, म्हणून फर्मानात जे स्पष्टपणे दिलेले नाही ते नाकारलेले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे सूत्र ओळखीचे वाटेल आणि त्यात चूकही दिसणार नाही. परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. फर्मानाने प्रोटेस्टंटांना दफनभूमी दिली होती. पण दफन दिवसा करता येईल असे त्यात कोठे म्हटले आहे? म्हणून ते पहाटे किंवा संध्याकाळनंतर करायचे. अंत्ययात्रेत किती माणसे असावीत याविषयी फर्मान गप्प आहे? मग मर्यादा घालता येते, आणि ती तीसवर आणली गेली. रस्त्यावर स्तोत्रे म्हणण्याची परवानगी आहे का? नाही. मग शाराँतोंच्या नावांतले स्तोत्रगायनही थांबले.

याच शतकात इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्सने म्हटले होते की कायदा जेथे मौन बाळगतो तेथे प्रजेचे स्वातंत्र्य असते. ज्या ग्रंथात तो हे म्हणतो तो १६५१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे बरेचसे लेखन त्याने पॅरिसमधल्या आपल्या वास्तव्यातच केले. हॉब्स काही सहिष्णुतेचा प्रेषित नव्हे. प्रजेने कोणती उपासना करावी हेही राजानेच ठरवावे, असे त्याचे मत. तरीही त्याच्या राज्यात मौनाचा अर्थ मोकळीक असा होतो. सामान्य नागरिकाला हेच गृहीत असते. रस्त्याने चालताना आपण परवाना काढत नाही, कारण कोणी मनाई केलेली नसते. बेर्नारच्या वाचनात ज्याला ‘सहन’ केले आहे त्याच्यासाठी हाच नियम उलटा फिरतो आणि मौन म्हणजे मनाई ठरते. स्वातंत्र्य असलेला माणूस आणि मुभा असलेला माणूस यांच्यातले अंतर मला येथे सर्वांत नेमके मोजता येते. दोघे एका वेळी एकच गोष्ट करत असतील, दोघांनाही त्या क्षणी कोणी अडवत नसेल. पण कायद्याने न बोललेल्या प्रत्येक जागी पहिला मोकळा असतो आणि दुसरा अडकलेला.

अशा स्थितीत यादी जितकी तपशीलवार तितकी ती धोक्याची. १५९८ च्या वाटाघाटींत ह्यूगनोंच्या प्रतिनिधींनी एकेका कलमासाठी घासाघीस केली होती, ती आपल्या हक्कांची पक्की नोंद व्हावी म्हणून. बेर्नारच्या हाती ती नोंद गेली तेव्हा जे कलमांत यायचे राहून गेले त्याची ती यादी झाली.

सहा लिव्र आणि ड्रॅगून

पुढचा उतार वेगवान आहे. १६७६ मध्ये धर्मांतरासाठी खास निधी उभारला गेला. त्याची व्यवस्था पाहणारा पॉल पेलिसाँ स्वतः प्रोटेस्टंट घरात जन्मून कॅथलिक झालेला. रिकाम्या धर्मपदांच्या उत्पन्नातून हा पैसा येई. प्रांतांतून धर्मत्यागाच्या पत्रांसह पैसे मिळाल्याच्या पावत्या पॅरिसला पाठवल्या जात. एका माणसामागे सरासरी सहा लिव्र पडत. गरीब माणूस पैसे घेई आणि पुढच्या रविवारी पुन्हा आपल्या जुन्या प्रार्थनागृहात जाई. त्यावर १६७९ मध्ये उपाय निघाला : कॅथलिक होऊन परत फिरणाऱ्याला हद्दपारी आणि मालमत्तेची जप्ती. म्हणजे पावतीवर सही करणे ऐच्छिक होते, सही केल्यानंतर मात्र दार एकाच बाजूने उघडत होते. मिश्र न्यायालये त्याच वर्षी संपुष्टात आली. १६८० मध्ये प्रोटेस्टंट सुईणींना काम करण्यास बंदी झाली. कारण असे, की अडलेल्या बाळंतपणात त्या मरणोन्मुख अर्भकाला बाप्तिस्मा देणार नाहीत. १६८१ मध्ये सात वर्षांचे मूल स्वतःच्या मर्जीने कॅथलिक होऊ शकते, असे ठरले.

आणि मग ड्रॅगून घोडेस्वार. सैनिकांचा मुक्काम नागरिकांच्या घरी लावणे ही तेव्हाची रुळलेली पद्धत होती. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १६८१ मध्ये प्वातू प्रांतात मारियाक या अधिकाऱ्याने हे मुक्काम प्रोटेस्टंट घरांवर केंद्रित केले आणि युद्धमंत्री लूव्वा याने नव्याने कॅथलिक होणाऱ्यांना दोन वर्षे या मुक्कामातून सूट दिली. घरात शिरलेले सैनिक धान्य संपवत, सामान विकत, माणसांना दिवसेंदिवस झोपू देत नसत. सूट मिळवण्यासाठी कागदावर सही पुरे होती. १६८५ मध्ये बेआर्नपासून सुरू होऊन हा प्रकार दक्षिणेत पसरला आणि ड्रॅगून येत आहेत एवढ्या बातमीवर अख्खी शहरे कॅथलिक झाली.

ऑक्टोबर १६८५ मध्ये फाँतेनब्लो येथे लुईने नांतचे फर्मान रद्द केले. रद्द करताना दिलेले कारण तितकेच तर्कशुद्ध होते : ‘तथाकथित सुधारित धर्मा’च्या अनुयायांपैकी बहुसंख्य आणि चांगले लोक कॅथलिक झाले असल्याने ते फर्मान आता निरुपयोगी ठरले आहे. धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडावा, इतरांनी मात्र सोडू नये. पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा. शेवटच्या, बाराव्या कलमात उरलेल्यांना एक मुभा दिली होती : देव त्यांना प्रकाश दाखवीपर्यंत, उपासना न करण्याच्या अटीवर, त्यांनी राज्यात निर्वेधपणे राहावे व व्यापार करावा. शाराँतोंचे प्रार्थनागृह काही दिवसांतच जमीनदोस्त झाले. बंदी असूनही पुढच्या काळात दीड ते दोन लाख माणसे निसटली आणि हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग, थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत गेली.

जाता जाता एक योगायोग. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत काढलेल्या दिवसांचा वृत्तांत १६८७ मध्ये हॉलंडमधील लायडनला छापला गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्येही. पोर्तुगिजांच्या गोव्यात माणसांच्या श्रद्धेची कशी झडती घेतली जाते हे पॅरिसचे वाचक वाचत होते, त्याच पॅरिसजवळच्या शाराँतोंला तेव्हा रिकामी जागा उरली होती.

दोन उत्तरे

हे सगळे चालू असताना हॉलंडमध्ये दोन माणसे लिहीत होती. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक १६७५ ते १६७९ या काळात फ्रान्समध्ये राहिला होता, त्यातला बराच वेळ मोंपेलिएला, आणि पाडलेल्या प्रार्थनागृहांची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. १६८५ च्या हिवाळ्यात ॲम्स्टरडॅममध्ये लपून राहत असताना त्याने सहिष्णुतेवरचे आपले लॅटिन पत्र लिहिले. ते १६८९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाले. त्याचा एक प्रमुख मुद्दा असा की दंडशक्तीने श्रद्धा उत्पन्न होत नाही. म्हणून आत्म्याची काळजी हे शासनाचे कामच नव्हे.

हा मुद्दा सुंदर आहे, पण नांतच्या प्रकरणापुढे तो मला अपुरा वाटतो. लुईच्या अधिकाऱ्यांना सही करणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंतःकरणाशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांचे लक्ष त्याच्या नातवाकडे होते. रद्द करणाऱ्या फर्मानाने प्रोटेस्टंटांच्या मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक पाद्र्यांकडून व्हावा आणि ती त्याच धर्मात वाढावीत असे सांगितले होते. दंडशक्ती आजोबांना पटवू शकत नाही हे खरे असले, तरी शाळा, लग्न आणि वारसा यांच्या वाटा बंद करून ती दोन पिढ्यांत काम साधू शकते. ऑक्सफर्डच्या जोनस प्रोस्टने १६९० मध्ये लॉकला जवळपास हेच सुनावले होते : जबरदस्ती थेट श्रद्धा देत नसेल, पण माणसाला विचार करायला लावते. लॉकने त्याला उत्तर देण्यात पुढे शेकडो पाने घातली.

रॉटरडॅममध्ये राहणाऱ्या फ्रेंच प्रोटेस्टंट विचारवंत पिएर बेलचे उत्तर मला अधिक टिकाऊ वाटते, आणि त्याने त्याची किंमतही मोजली होती. त्याच्या पुस्तकामुळे फ्रान्समधील त्याचा भाऊ याकोब याला पकडण्यात आले आणि नोव्हेंबर १६८५ मध्ये बोर्दोच्या तुरुंगात तो मेला. पुढच्या वर्षीपासून बेलने येशूच्या दृष्टांतातील ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ या वचनावर भाष्य प्रसिद्ध केले. त्या वचनाच्या आधारे जबरदस्तीचे समर्थन होत असे. बेलचे म्हणणे असे, की सत्य आपल्या बाजूला आहे म्हणून जबरदस्ती योग्य, हा अधिकार मान्य केला तर तो प्रत्येक पंथाला मान्य करावा लागेल, कारण आपण सत्याच्या बाजूला आहोत असे प्रत्येकालाच वाटते. येथे जबरदस्तीने काम होते की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती करणाऱ्याने दिलेले कारण समोरच्याने उलटून त्यालाच दिले तर चालेल का, एवढेच विचारले जाते. लॉकने नास्तिकांना आणि परक्या सत्ताधीशाशी निष्ठा बांधलेल्यांना आपल्या यादीबाहेर ठेवले होते. नास्तिकांचा समाजही सुरळीत चालू शकतो, असे बेल त्याआधीच म्हणून गेला होता.

तरी बेलचा तर्क कारण मागतो, आणि बेर्नारसारखा अधिकारी सत्याचे कारण देतच नाही. तो म्हणतो, मी फक्त फर्मान वाचतो आहे.

१७८९ आणि पुन्हा कागद

पुढची शंभर वर्षे प्रोटेस्टंटांनी रानावनांत सभा भरवल्या. एग-मोर्तच्या बुरुजात मारी द्युराँ ही स्त्री १७३० पासून १७६८ पर्यंत कैदेत होती. ‘टिकून राहा’ अशा अर्थाचा एक शब्द तेथील दगडावर कोरलेला आहे. १७८७ मध्ये सोळाव्या लुईने कॅथलिक नसलेल्यांना जन्म, विवाह आणि मृत्यू यांची कायदेशीर नोंद करण्याची मुभा दिली. त्यासाठी खटपट केलेल्यांपैकी राबो सेंत-एतियेन हा धर्मोपदेशक दोन वर्षांनी, क्रांतीच्या काळात, राष्ट्रीय सभेत बसला होता. २२ ऑगस्ट १७८९ रोजी मिराबो या सदस्याने तेथे म्हटले की सहन करण्याचा अधिकार असलेली सत्ता अस्तित्वात असणे हेच विचारस्वातंत्र्यावर आक्रमण आहे, कारण जी सहन करते ती सहन न करण्यासही मोकळी असते. दुसऱ्या दिवशी राबोने सांगितले की मी सहिष्णुता मागत नाही, स्वातंत्र्य मागतो. ज्याच्या समाजाने मुभेच्या याद्या पाठ केल्या होत्या त्याच्या तोंडी हे शब्द होते.

सभेने संमत केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले दहावे कलम असे : आपल्या मतांसाठी, ती धार्मिक असली तरी, कोणाला त्रास दिला जाऊ नये, परंतु त्या मतांच्या आविष्काराने कायद्याने स्थापित केलेल्या सार्वजनिक व्यवस्थेत बाधा येता कामा नये. ‘ती धार्मिक असली तरी’ या शब्दांत जुना ‘तथाकथित’ अजून ऐकू येतो, आणि ‘परंतु’नंतरच्या भागाला वाचक लागणारच होता.

१५ डिसेंबर १७९० च्या कायद्याने धर्मासाठी देशोधडीला लागलेल्या फ्रेंच स्त्रीपुरुषांच्या वंशजांना, कितव्याही पिढीचे असोत, परत येऊन वस्ती केल्यास आणि नागरिकत्वाची शपथ घेतल्यास फ्रेंच मानण्याचे ठरले. लोझानला जन्मलेला बेंजामिन काँस्ताँ याच कायद्याच्या आधारे फ्रान्सचा नागरिक म्हणून वावरला. आधुनिक माणसाचे स्वातंत्र्य कशात आहे यावरचे त्याचे १८१९ चे व्याख्यान अजूनही शिकवले जाते. १८२४ मध्ये तो पॅरिसमधून निवडून आला, तेव्हा हा गृहस्थ फ्रेंच आहे कशावरून, असा आक्षेप प्रतिनिधिसभेत घेतला गेला. आपले पूर्वज धर्मासाठी फ्रान्स सोडून गेले होते, हे त्याला वंशावळीचे कागद मांडून दाखवावे लागले. ते तपासले गेले, त्यावर चर्चा झाली आणि शेवटी त्याला बसू देण्यात आले.